गराजमधली वेल्श ब्रँचलाइन

मी एकदा एक अख्खी रेल्वे दीड तास बंद पाडली होती. संप नव्हता, दरड कोसळली नव्हती. कारण होतं बटाटेवडे.

ही गोष्ट मी घरात इतक्या वेळा आणि इतक्या प्रकारांनी सांगितली आहे की सुरुवात केली की मुलगी आता शांतपणे "बाबा, विच व्हर्जन?" असं विचारते. हे लेखी व्हर्जन आहे. बायकोने तपासलेलं आहे, त्यामुळे यात रंग थोडा कमी आहे.

अमेरिकेतल्या बॉथेलमध्ये आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर एक वेल्श गृहस्थ राहायचे. वय ऐंशीच्या पुढे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. वेल्समध्ये जन्म, नऊ वर्षांचे असताना आईबरोबर अमेरिकेत आले, आयुष्य विमानाच्या कारखान्यात सुटे भाग कातण्यात गेलं. आम्ही त्यांना काका म्हणायचो. सुरुवातीला त्यांना वाटलं हे माझ्या बायकोने ठेवलेलं खास नाव आहे. सगळ्याच म्हाताऱ्यांना आम्ही असं म्हणतो हे कळल्यावर ते जरा हिरमुसले. या काकांनी आपल्या दोन गाड्यांच्या गराजमध्ये तीस वर्षं खपून एक रेल्वे बांधली होती. खेळण्यातली म्हटलेलं त्यांना चालत नसे. वेल्सच्या डोंगरात त्यांच्या गावी स्लेटची खाण होती. आपल्या शाळेतली पाटी ज्याची असायची तोच दगड, फक्त तिकडे तो पातळ चिरून घरांच्या छपरांवर घालतात. त्या खाणीपासून खाली नदीकाठच्या मोठ्या स्टेशनापर्यंत एक छोटी, अरुंद रुळांची ब्रँचलाइन होती. ती रेल्वे, तिची चार स्टेशनं, ओढा, पूल, कुंपणं, सगळं काकांनी आठवणीतून चोवीस फूट लांबीत उभं केलं होतं. त्यांची स्वतःची मोटार कुठे ठेवायचे म्हणाल, तर ती बाहेर पावसात असायची.

दर शनिवारी दुपारी आम्ही सहाजण तिथे जमून ती रेल्वे चालवायचो. मी तिथे कसा पोचलो, तर मुलगी कॉलेजला गेल्यावर मी डिशवॉशरमध्ये भांडी कशी लावावीत यावर बायकोला व्याख्यानं द्यायला लागलो होतो. चौथ्या व्याख्यानानंतर तिने लायब्ररीतल्या फलकावरचा एक कागद फाडून आणला आणि माझ्यासमोर ठेवला. 'माणसं हवी आहेत,' असं त्यावर लिहिलं होतं. ती म्हणाली, निकष फार कडक दिसत नाहीत, जाऊन बघ. मला वाटलं पहिल्याच दिवशी इंजिन चालवायला मिळेल. मला पद मिळालं हमालाचं. म्हणजे मधल्या स्टेशनावर गाडी आली की टिचभर आकाराच्या पेट्या चिमट्याने उचलून फलाटावर ठेवायच्या, आणि ड्रायव्हरकडून कांडी घेऊन पुढच्या ड्रायव्हरला द्यायची. पंचवीस वर्षं सॉफ्टवेअर लिहून शेवटी हमाल झालो, आणि मनातली गोष्ट सांगायची तर मला ते प्रमोशन वाटलं. हमालाला कुणी मीटिंगला बोलावत नाही.

ही कांडी महत्त्वाची. एकेरी लोहमार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून पूर्वी एक साधी युक्ती असे. त्या टप्प्यासाठी एकच पितळी कांडी. ती ज्याच्या हातात, त्याचीच गाडी रुळावर. कांडी नाही तर गाडी नाही. आमची कांडी बोटाएवढी होती, काकांनी स्वतः कातलेली. तिची काळजी घ्यायला एक सेक्रेटरी होते, निवृत्त दंतवैद्य. हे गृहस्थ नियमांच्या बाबतीत इतके कडक की गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली तर वहीत कारणासकट नोंद करायचे. त्यांच्या पेशंटांनी आयुष्यभर काय सोसलं असेल, याची मला तिथे कल्पना आली.

आता तो शनिवार. काकांची मुलगी ॲरिझोनात चँडलरला असते. काकांना घरात दोनदा चक्कर आल्यावर त्यांनी घर विकून आपल्याकडे यायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं, म्हणजे तिने ठरवलं होतं आणि काकांनी विरोध करायचं सोडून दिलं होतं. तिच्या फ्लॅटमध्ये चोवीस फूट वेल्स मावणार नव्हता. सप्टेंबरच्या आत रेल्वेला घर मिळालं नाही तर ती मोडून कचऱ्यात जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. एकच आशा होती. शेजारच्या गावात जुन्या शाळेच्या इमारतीत एक छोटं स्थानिक संग्रहालय आहे, लोणी घुसळायच्या रव्या आणि अग्निशमन दलाची शिरस्त्राणं असलेलं. तिथल्या अध्यक्षबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, त्या शनिवारी रेल्वे चालताना बघायला येणार होत्या. काकांनी स्वच्छ शर्ट घातला होता. इस्त्रीची घडी अजून दिसत होती.

माझ्या डोक्यात त्या दिवशी एकच विचार होता. पाहुणे येणार आणि समोर काय ठेवणार, तर पाकिटातली बिस्किटं? हे मला सहन होईना. मी बायकोला सकाळीच सांगून वडे करून घेतले होते आणि नेमके घरीच विसरलो होतो. बाई आल्या, पहिली गाडी खालून माझ्या स्टेशनात आली, मी ड्रायव्हरकडून कांडी घेतली, आणि बघितलं तर बाई बिस्किटाकडे हात नेत होत्या. मी "टेन मिनिट्स" म्हणालो आणि निघालो. कांडी जॅकेटच्या खिशात होती. फोन वडे तळले गेले तेव्हापासून घरीच ओट्यावर होता, आणि पातेलं उचलायच्या घाईत तो पुन्हा तिथेच राहिला.

चारशे पाच हायवेवर त्या दिवशी एक होडी आडवी झाली होती. होय, होडी. कुणाच्या तरी ट्रेलरवरून निसटलेली. मी मांडीवर वड्यांचं पातेलं घेऊन रस्त्याच्या मधोमध तिच्याकडे बघत बसलो होतो.

दीड तासाने गराजमध्ये शिरलो तेव्हा आत इतकी शांतता होती की मला वाटलं काकांना काही झालं. सगळे खुर्च्यांवर बसले होते. गाडी माझ्या स्टेशनात जशीच्या तशी उभी होती. बाईंनी कोट घातला होता. सेक्रेटरींनी माझ्यापुढे हात पसरला, आणि मी त्यावर वडा ठेवणार एवढ्यात लक्षात आलं की तो हात वड्यासाठी नव्हता.

मी कांडी दिली. मग मला राहवलं नाही.

"दुसरं इंजिन तर आज तुमच्याकडे दुरुस्तीला आहे ना?" मी म्हणालो. "मग टक्कर कुणाशी होणार होती?"

"प्रश्न टक्करीचा नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"मग कसला आहे?"

"प्रश्न कांडीचा आहे."

मी काकांकडे बघितलं, म्हटलं हे तरी माझी बाजू घेतील. काका म्हणाले की त्यांचे आजोबा त्या लाइनवर ब्रेक लावायच्या कामावर होते, आणि कांडीशिवाय गाडी सुटलेली त्यांनी एकदाही पाहिली नाही. बस, एवढंच. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

बाई वडा न खाताच निघाल्या. जाताना त्या फार सभ्यपणे म्हणाल्या की गाडी त्यांना छान वाटली, चाललेली बघायला आवडली असती. तीन आठवड्यांनी बोर्डाची बैठक आहे. तोपर्यंत या रेल्वेचा इतिहास लेखी द्या, आणि वेल्सची ही रेल्वे आमच्या गावच्या संग्रहालयात का असावी ते त्यात लिहा. कारण आमचं संग्रहालय स्थानिक आहे.

त्या गेल्या आणि मी उभ्या उभ्या जाहीर केलं की इतिहास मी लिहितो. कुणी विचारलं नव्हतं. पण अपराधी माणसाला काम मागायची घाई असते, आणि शिवाय माझ्याकडे पात्रता होती. आमच्या मराठी मंडळाची स्मरणिका मी अकरा वर्षं संपादित केली आहे.

ज्यांनी स्मरणिका वाचल्या नाहीत, म्हणजे बहुतेक सगळ्यांनी, त्यांच्यासाठी सांगतो. स्मरणिकेतल्या इतिहासात वाईट असं काही घडत नाही. मंडळ फुटून दोन झालं, तर आम्ही 'मंडळाचा विस्तार झाला' असं लिहितो. नाटकाला सतरा माणसं आली, तर 'रसिकांनी दाद दिली'. माजी अध्यक्ष भांडून गेले, तर ते 'नव्या पिढीसाठी वाट मोकळी करून' जातात. सगळे कार्यकर्ते धडाडीचे, सगळ्या वहिनी सुगरण, आणि प्रत्येक वर्ष सुवर्णाक्षरांनी लिहिण्यासारखं. ही भाषा एकदा बोटांत बसली की निघत नाही. मला तर दुकानातून आणायच्या दूध-भाजीच्या यादीतसुद्धा 'मोलाचं सहकार्य' लिहावंसं वाटतं.

तर मी वही घेऊन काकांकडे तीन दुपारी गेलो. मी मुलाखत घेतली असं म्हणतो. बायकोने रेकॉर्डिंग ऐकलं आणि ती म्हणाली, मुलाखत तूच दिलीयेस. तरी मधेमधे काकांना जागा मिळाली तेव्हा त्यांनी विलक्षण गोष्टी सांगितल्या. इंजिनं यायच्या आधी, त्यांच्या आजोबांच्या वडिलांच्या काळात, रूळ असे उताराने टाकले होते की स्लेट भरलेल्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, आपोआप घरंगळत खाली जायच्या. माणसं फक्त ब्रेकवर बसलेली. मागच्या एका वाघिणीत घोडा उभा. तो चारा खात, डोंगर बघत खाली यायचा, आणि परतीला रिकाम्या वाघिणी वर ओढायचा. जाताना प्रवासी आणि येताना इंजिन. स्लेटच्या आकारांना नावं होती सरदारघराण्यातली, सगळ्यांत मोठी डचेस, मग काउंटेस, मग लेडी. दिवसभर डचेस आणि काउंटेस चिरणारे कामगार स्वतः जेवायच्या सुट्टीत एका दगडी झोपडीत जमायचे आणि तिथे वादविवाद करायचे, गाणी म्हणायचे, सभा भरवायचे, त्या सभांचं टिपण ठेवायचे. इथे माझे डोळे पाणावले. म्हणजे यांचंही मंडळ होतं.

हे सगळं जसंच्या तसं लिहिलं असतं तरी पुरे होतं. पण मला ते ओकंबोकं वाटलं. मी लिहिलं इंग्रजीत, पण इंग्रजीला नऊवारी नेसवून. ब्रँचलाइन 'वैभवशाली' झाली. घोडा 'कर्तव्यदक्ष' झाला. लाइन बंद पडली हे मी कुठे लिहिलंच नाही. तिने 'आपलं कार्य पूर्ण केलं'. आणि ते 'स्थानिक' प्रकरण? त्यासाठी मी माझं सगळ्यांत जुनं हत्यार बाहेर काढलं. साताऱ्याकडच्या आमच्या गावच्या शाळेतली माझी पहिली पाटी याच खाणीतली असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं लिहिलं. मग वाटलं, यात साताऱ्याचं भलं झालं, बॉथेलच्या बाजूचं काय? म्हणून पुढे लिहिलं की सन्माननीय बोर्ड ज्या ऐतिहासिक छपराखाली बसलं आहे, ते करडं, जुनं छप्परही याच ब्रँचलाइनने वाहून आणलेल्या स्लेटचं असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

माझी बायको एका बायोटेक कंपनीत क्वालिटीत आहे. लोकांनी लिहिलेलं खरं आहे का ते बघायचं, यासाठी तिला पगार मिळतो. घरी ती हे फुकट करते. तिने माझा मसुदा जेवणाच्या टेबलावर वाचला. पेन्सिल घेऊन.

"हे छप्पर तू पाहिलंस?"

"खालून पाहिलं. करडं आहे."

"करडी तर आपली गाडीपण आहे."

मी म्हणालो, मी ठामपणे कुठे लिहिलंय, शक्यता नाकारता येत नाही एवढंच तर म्हटलंय.

"आमच्याकडे कुणी असं लिहिलं ना," ती म्हणाली, "तर आम्ही अख्खी बॅच फेकून देतो."

मी म्हणालो, हा इतिहास आहे, ऑडिट नाही. ती म्हणाली, काकांना वाचून दाखव मग. तेही मी केलं नाही. सरप्राइज ठेवू, असं म्हणालो. खरं कारण मला तेव्हाही माहीत होतं. काकांनी ते ऐकलं असतं तर त्यांनी त्यातलं अर्धं काढायला लावलं असतं, आणि तो अर्धा भाग मला सगळ्यांत जास्त आवडत होता.

बैठकीच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. बायकोही आली, म्हणाली, काकांना सोबत म्हणून येते, तुझ्यासाठी नाही. जुन्या वर्गातली लांब टेबलं, बोर्डाचे पाचजण, मधे अध्यक्षबाई. काकांनी तोच शर्ट घातला होता. बाईंनी मला माझा इतिहास वाचायला सांगितला, आणि मी वाचला. मंडळाच्या व्यासपीठावर वाचतो तसा, हात वगैरे करत. घोड्यापर्यंत सगळं झकास चाललं होतं. बोर्डातले एक आजोबा तर हसलेसुद्धा. मग मी छपरावर पोचलो.

वाचून झाल्यावर बाईंनी चष्मा काढला.

"आमचं छप्पर सीडरचं आहे," त्या म्हणाल्या. "लाकडाचं."

मी म्हणालो, पण करडं दिसतंय.

"सीडर पावसात करडंच होतं. माझे आजोबा इथल्या लाकडाच्या गिरणीत त्या फळ्या कापायचे. हे छप्पर त्यांच्या हातचं आहे, आणि मी लहानपणी ते दोनदा दुरुस्त होताना बघितलंय."

मी बसलो. पाठीमागे बायको होती. क्वालिटीतली माणसं निकाल लागल्यावर बोलत नाहीत. बोर्डातल्या एकाने कागद उलटा ठेवला, आणि त्या एवढ्याशा आवाजात मला चोवीस फूट रेल्वे कचऱ्याच्या डब्यात पडताना ऐकू आली. पहिल्यांदा कांडी खिशात घालून घेऊन गेलो होतो. या वेळी मी इतिहासच घेऊन गेलो होतो.

मग काका उठले. आधी ते हसले, मोठ्याने नाही, नाकातून. म्हणाले, या मित्राने मेहनत केली आहे, पण ही लाइन वैभवशाली वगैरे कधी नव्हती. डब्यांमध्ये पावसाचं पाणी यायचं. उतारू म्हणजे शनिवारी बाजाराला जाणाऱ्या आठदहा बायका. गावात जिकडे बघावं तिकडे स्लेटच होती, छपरावर, उंबऱ्याला, डुकराच्या खुराड्यावर, कुंपणंसुद्धा स्लेटच्या फळ्या तारेने बांधून केलेली, आणि थडगीही त्याचीच. मग स्लेटपेक्षा स्वस्त कौलं आली, मालमोटारी आल्या, आणि गाडीत भरायला काही उरलं नाही. शेवटचा दिवस त्यांना आठवत होता. मिरवणूक नव्हती, बँड नव्हता. आजोबा दुपारी घरी आले, एवढंच. दुपारी आजोबा घरी असणं ही गोष्ट घरात पूर्वी कधी झाली नव्हती, त्यामुळे आजीला त्यांना कुठे बसायला सांगावं ते सुचेना. ती म्हणाली, इथून उठा, मला फरशी पुसायची आहे.

"हे मी कुठेही वाचलेलं नाही," काका म्हणाले. "मी तिथे होतो, दाराशी."

मग बाईंनी विचारलं, "तुमच्या आजोबांचे हात कसे होते?"

काकांना प्रश्न कळला नाही.

"आमच्याकडे गिरणीत बोटं जायची," बाई म्हणाल्या. "माझ्या आजोबांच्या उजव्या हाताला दोनच होती. आम्ही लहान असताना ते त्याच दोन बोटांनी आमचं नाक पकडायचे."

"आमच्याकडे बोटं राहायची," काका म्हणाले. "छाती जायची. धूळ. आजोबांच्या भावाला जिना चढायला पाऊण तास लागायचा. तो मधे थांबून आम्हाला गोष्टी सांगायचा. आम्हाला वाटायचं, गोष्ट सांगायला थांबतोय."

दंतवैद्य स्वतःच्या हाताकडे बघत होते.

बोर्डाने आम्हाला बाहेर व्हरांड्यात बसवलं. वीस मिनिटांनी बाई आल्या. त्यांनी आडवळणाने काही सांगितलं नाही. जागा साडेचार फूट आहे. गिरणीतल्या लाकूड कापायच्या जुन्या करवतीशेजारी. त्या साडेचार फुटांत खाणीचा शेवट, जिथे झोपडीत माणसं स्लेट चिरत बसली आहेत, तो भाग आम्ही ठेवू, कायमचा. बाकीच्याला जागा नाही. आणि काकांनी आत्ता जे सांगितलं ते त्यांनी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून द्यावं, तेच शेजारी लावू. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, तुमच्या लेखाची गरज नाही, पण घोड्याचा परिच्छेद चांगला होता.

साडेचार फूट. चोवीसपैकी. मी काकांना काही बोलायला गेलो, तर ते म्हणाले की खऱ्या लाइनचं तर तेवढंही उरलेलं नाही. ते हे आनंदाने म्हणाले की दुःखाने, मला सांगता येणार नाही. नुकतंच मी ठरवलं होतं की लोकांच्या मनातलं मी लिहायचं नाही.

उरलेले साडेएकोणीस फूट मग आम्ही वाटून घेतले. तो शेवटचा शनिवार सेक्रेटरींनी नियमाप्रमाणे पार पाडला. लाइन बंद करण्याची अधिकृत सूचना त्यांनी नखाएवढ्या कागदावर छापून चारही स्टेशनांच्या भिंतींवर चिकटवली होती. वाचता येणं शक्यच नव्हतं. तरी आम्ही सगळेजण एकेक करून वाकलो आणि ती वाचली. शेवटची गाडी वेळेवर सुटली आणि वेळेवर पोचली. वहीत नोंद झाली. मग काकांनी स्वतः करवत घेतली. त्यांनी जोड कुठे आहेत ते तीस वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलं होतं. म्हणाले, घर सोडावं लागतं हे ज्याला लहानपणी कळलंय तो अखंड टेबल बांधत नाही. खालचं मोठं स्टेशन सेक्रेटरींनी घेतलं. पूल आणि ओढा बस चालवणाऱ्या मेंबराला गेला. एक नर्स होती, तिने बाजाराचं स्टेशन घेतलं. ज्याला जे हवं ते मागून झाल्यावर मधला एक तुकडा उरला. साडेपाच फूट. त्यात स्टेशन नाही, पूल नाही, बोगदा नाही. दोन रूळ, स्लेटचं कुंपण, काही मेंढ्या, एक शेतवाट आणि तिच्यावरचं फाटक. या भागात कधी काही घडायचं नाही, गाडी नुसती पार व्हायची. मी हात वर केला. काकांना जरा आश्चर्य वाटलेलं दिसलं.

ते गेल्या आठवड्यात चँडलरला गेले. विमानतळावर मी त्यांना सोडलं. तिथल्या उन्हाबद्दल त्यांनी आधीच कुरकुर सुरू केली होती. मुलीच्या फ्लॅटमध्ये छप्पर सपाट आहे, असं ते मला दोनदा म्हणाले. पाऊस नसलेल्या गावात लोक छपराचा विचारच करत नाहीत, याचा त्यांना मनापासून राग आला होता. मी माझा नवा इतिहास त्यांना छापून दिला, दीड पानाचा. विशेषणं काढल्यावर तेवढाच उरला. त्यांनी तो घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला, वाचला नाही. नंतर फोनवर म्हणाले, एक चूक आहे. डबे दोन नव्हते, एकच होता. मी सुधारलं.

आता वेल्सचे साडेपाच फूट आमच्या वरच्या खोलीत आहेत, मुलीच्या पलंगाच्या पायथ्याशी. मुलगी सुट्टीत आली तेव्हा तिने दारातूनच बघितलं आणि म्हणाली, "सो दिस इज माय रूम नाऊ?" मी तिला सगळं सांगायला लागलो, तर तिने हातानेच थांबवलं आणि खाली वाकून बराच वेळ मेंढ्या बघत बसली.

काल शनिवार होता. दुपारी कुठे जायचं नव्हतं. मी खाली बसून डिशवॉशरकडे बघत होतो, अजून काही बोललो नव्हतो. बायको वर धूळ पुसायला गेली होती, रंगाचा जुना मऊ ब्रश घेऊन. अर्ध्या तासाने जिन्यावरून तिचा आवाज आला.

"अरे, ऐक. ते शेतातलं फाटक पुसताना माझ्याकडून हललं. काकांकडे ते उघडं असायचं की बंद? तू सांगू नकोस, त्यांना फोन करून विचार."